अप्पांच्या हाताखालचं लाकूड

सुताराच्या घरात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक ढलप्या आणि दुसरे किस्से! ढलप्या निदान चुलीत तरी घालता येतात. किस्से कोपऱ्यात साठतच जातात आणि ऐकणारं कुणी भेटलं की पायात येतात.

माझी नात फिजिओथेरपिस्ट आहे. परवा मला तिचं सेंटर दाखवायला घेऊन गेली. स्टीलच्या चकचकीत दांड्या, रबरी बुडाच्या कुबड्या, पट्टे, गाद्या, आणि त्यांत अडकवलेली माझ्याच वयाची माणसं. "आजी, याला रिहॅबिलिटेशन म्हणतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, आम्ही याला अंगण म्हणायचो!"

ते अंगण वालूरचं. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचे हे सुतार. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता या वयात घेतलं तर वरून रागावतील. गाव त्यांना गणपत म्हणायचं, तेवढं लक्षात ठेवा. खरं काम औतांचं, तिफण, वखर, गाडीची चाकं. पण एकदा एका म्हातारीला कुबडी करून दिली, ती म्हातारी कुबडी घेऊन बाजारभर हिंडली आणि झाला बोभाटा. मग काय, कुणाचा पाय मोडला, कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की गाडी आमच्या दारात.

बाईमाणसाच्या अंगाला ह्यांना हात लावता येईना, म्हणून बायकांचं माप मी घ्यायची. टेप कुठला आलाय! सुताची दोरी. काखेपासून जमिनीपर्यंत एक गाठ, कोपरापर्यंत दुसरी गाठ, आणि ज्याची दोरी त्याच्या नावानं खुंटीला. कुबडीच्या वरची गादीसुद्धा मीच शिवायची, जुन्या लुगड्याची, आत कापूस. आणि आमची गॅरंटी एकच होती, "बसली नाही तर परत या." लोक परत यायचे. बसली तरी यायचे! एकदा आलेलं म्हातारं माणूस दुपारपर्यंत हलायचं नाही.

या मंडळींचे मुख्य म्हणजे अप्पा. आमच्या समोरच त्यांचं किराणा दुकान. अप्पा लिंगायत वाणी, जुन्या वळणाचे. नुसता हातात खडा घेऊन गुळाचं वजन सांगायचे आणि तराजूत घातलं की तेवढंच भरायचं. राईएवढा फरक त्यांच्या हाताला कळायचा.

त्या अप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

बोलणं शाबूत राहिलं, पाय थोडा फरपटत का होईना चालायला लागला, पण डावा हात गेला. आता तुम्ही म्हणाल, डावाच ना, उजवा आहे की! पण गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. आता हात कुणीतरी उचलून धरायला लागायचा. मुलगा सकाळीच जिनिंगला जायचा, सुनेच्या मागं लेकरंबाळं. अप्पा दुपारपर्यंत उपाशी बसून राहायचे. कुणाला हाक मारणं जिवावर यायचं.

एक दिवस पाय फरपटत रस्ता ओलांडून आले आणि ह्यांना म्हणाले, "गनपत, लोकाला तू पाय करून द्यायलास. मला एक हात दे. सकाळच्या पुरता."

ह्यांनी बाभळीचा एक दुबेळका, म्हणजे दोन फाटे फुटलेलं लाकूड, शोधला, त्याला बूड बसवलं आणि मांडी घालून बसल्यावर छातीपाशी येईल अशी घोडी केली. बेळक्यात मनगट ठेवायला खाच, खाचेत माझी गादी. पण मधे लाकूड आलेलं चालतं का, ही शंका. मठातल्या स्वामींना विचारलं. स्वामी म्हणाले, "लिंग तळहातावर, तळहात लाकडावर. लाकडाला कोन इचारतंय?"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी कुणाला हाक न मारता पूजा केली आणि सकाळीच भाकरी खाल्ली. आम्ही खूश. पण आठवड्यानं आले तर चेहरा पडलेला.

"काय झालं अप्पा? घोडी हलायली का?"

"न्हाई. घोडी लय चांगली हाय. पर हात झोपल्यालाच हाय, गनपत. लाकूड पूजा करायलंय अन् मी बसून बघायलोय. मरायच्या आधी एकदा, एकदाच, ह्या हातानं आपल्या जिवावर देवाला धरलं पायजे."

ह्यावर हे फक्त "दर बाजाराच्या दिवशी घोडी न्यायला येईन, पॉलिश करून देतो," एवढंच म्हणाले. बाभळीच्या घोडीला कसलं आलंय पॉलिश! पण ते पुढं सांगते.

*

पेडगावचे माणिकराव पाटील. मोठी जमीन, मोठ्या मिशा आणि पायात त्याहून मोठ्या वहाणा. मळणीच्या माचावरून पडले आणि खुबा गेला. गाडीतून आले, दोघांनी धरून उभे केले. ह्यांनी माप घेतलं, कुबडी दिली, पाटील रुबाबात गेले.

चौथ्या दिवशी गाडी परत दारात. पाटील गाडीतूनच ओरडले, "गनपत, तुजी कुबडी देवळात वाढायलीय!"

आम्हाला कळेना. "वाढायली म्हणजे?"

"म्हंजे वाढायली! शेतात बराबर हाय, चावडीवर बराबर हाय. देवळात गेलं की काखेत घुसती. देवापुढं मी असा वाकडा हुबा ऱ्हातोय. पुजारी हसायलाय!"

कुबडी आणली. मोजली. माप तेच. हे डोकं धरून बसले. तेवढ्यात पाटील ओसरीवर यायला निघाले आणि रीतीप्रमाणं पायरीशी वहाणा काढल्या. दोन बोटं जाडीचे तळ! पाटील खाली आले, कुबडी होती तिथंच राहिली. माप वहाणांसकट घेतलेलं होतं. परक्याच्या अंगणात अनवाणी उभे राहतील ते पाटील कसले!

मग कुबडी दोन बोटं कापली आणि चांभाराकडून तिच्या बुडाला तेवढ्याच जाडीची चामड्याची वहाण करून घेतली, बंद लावून. झकास! देवळाशी आले की पाटील आधी स्वतःच्या वहाणा काढायचे, मग कुबडीची. तिन्ही ओळीनं मांडून आत जायचे.

महिन्याभरानं पाटील परत हजर. देवळातून वहाण चोरीला गेली होती. नवीन करकरीत जोडा जागेवर, कुबडीची तेवढी गायब!

पाटील संतापानं लाल. "माज्या जोड्याला हात बी लावला न्हाई! चोर आपल्यातलाच हाय!"

आणि त्या दिवशी आमच्या अंगणातल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी आपापल्या कुबड्या हळूच धोतराखाली घेतल्या.

*

तपास अर्थातच जमादारांकडे गेला. करीमखान जमादार मूळचे राणीसावरगावचे, पोलिसातून रिटायर होऊन लेकीकडं वालूरला आलेले. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं, गुडघ्याखाली पाय नव्हता. ह्यांनी लाकडाचा करून दिला होता. जमादार त्या लाकडी पायातही बूट घालायचे आणि दोन्ही बूट रोज चमकवायचे. तपास करताना ते प्रत्येकाच्या कुबडीचं बूड तपासायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. वहाण सापडली नाही, पण जमादारांचे पंधरा दिवस फार मजेत गेले.

पाय हलका हवा म्हणून ह्यांनी आंब्याचं लाकूड घेतलं होतं. पावसाळ्यात चिखल झाला, तेव्हा जमादारांनी पाय मातीच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि महिनाभर कुबडीवर काढला. पुढं एक दिवस पाय बांधून उभे राहिले, तर आतून भुसा गळायला लागला!

लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आले. आवाज गहिवरलेला. "गनपत, मेरे पाव कू दीमक लग गई!"

माणसाच्या पायाला वाळवी लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून आत गेले.

ह्यांनी नवा पाय कडुलिंबाच्या लाकडाचा केला आणि वाळवीचं नाव नको म्हणून वरून बिब्याचं तेल लावलं. बजावून सांगितलं, "जमादारसाहेब, आठ दिवस वाळू द्या. कातड्याला लागलं तर फोड येतील." गुडघ्याशी जिथं पट्टा बसायचा तिथं मी दुहेरी गादी शिवून दिली होती, तेव्हा त्या बाजूची काळजी नव्हती.

पण दुसऱ्याच दिवशी गावात तहसीलदार दौऱ्यावर आले. सलाम ठोकायची संधी जमादार सोडतात होय! नवा पाय बांधून गेले, खाडकन सलाम ठोकला, साहेबांनी बसा म्हटल्यावर खुर्चीत पायावर पाय टाकून तासभर बसले.

दोन दिवसांनी परत आमच्या दारात. लाकडी पाय जागेवर, आणि चांगल्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फोडच फोड!

हे घाबरले. "साहेब, पाय काढा, तेल पुसून देतो."

जमादार म्हणाले, "नक्को, लकडी का पाव एकदम ठीक है. अस्ली पाव का कुछ कर!"

*

कोंडाबाईंना ऐकू येत नव्हतं. बारा वर्षं झाली होती. घरात बोललेलं काही कळायचं नाही, म्हणून बिचाऱ्या गोठ्यातच बसून असायच्या. मला फार वाईट वाटायचं. मी ह्यांच्या मागं लागले. ह्यांनी कासाराकडून पत्र्याचं लांब नरसाळं करून घेतलं, बारक्या तोंडाला लाकडाची गोल बोंडी बसवली, कानाला टोचू नये म्हणून मी त्यावर कापड शिवलं. बारकं तोंड कानात, मोठ्या तोंडात समोरच्यानं बोलायचं. कोंडाबाईंनी पहिल्यांदा नातवाचा आवाज ऐकला आणि ढसाढसा रडल्या. आम्हीही रडलो.

दहा दिवसांनी कोंडाबाई आल्या. नरसाळं नाही. मी मोठ्यानं ओरडले, "नरसाळं कुठंय?"

"वरडतीस कशाला? ऐकू यायलंय की!"

मी उडालेच! झालं होतं असं. सुनेनं घाईत त्याच नरसाळ्यानं करडईचं तेल बाटलीत ओतलं आणि न पुसताच परत खुंटीला लावलं. कोंडाबाईंनी कानाला लावल्यावर सगळं तेल कानात. दोन दिवस चरफडल्या, तिसऱ्या दिवशी मान वाकडी करून झटकली, तर बारा वर्षांचा मळ पडला बाहेर! दुसऱ्या कानालाही तोच उपाय केला.

"मग नरसाळं?" ह्यांनी जरा नाराजीनंच विचारलं. मेहनत झाली होती ना.

"ते आता तेलालाच ठिवलंय."

असं म्हणून कोंडाबाई माझ्याजवळ सरकल्या, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सून दिसभर काय काय बोलती, आता समदं ऐकू यायलंय. तुज्याकडं कापूस हाय न्हवं? दोन बोळे दे."

*

एव्हाना बाजाराचे बरेच दिवस उलटले होते. हे दर वेळी जाऊन घोडी घरी घेऊन येत होते, पॉलिशला. एकदा मी चहा घेऊन गेले तर हे वाकस घेऊन खाचेचं बूड तासत होते. केसाएवढं.

"अहो, चांगल्या लाकडाला कशाला खाता?"

"हळू बोल," हे म्हणाले. "दर आठवड्याला एवढंच खाली उतरवतोय. लाकूड जागा सोडंल तशी हात जागा धरंल. अप्पाला सांगू नको. कळलं तर भितील, अन् भ्याले की हात पडंल."

मी तोंड बंद ठेवलं. फक्त एक केलं. गाद्यांचा कापूस अप्पांकडं नेऊन दिला. म्हटलं, "अप्पा, मला सवड नाही, एवढी सरकी काढून द्या. पण डाव्या हातानं. उजवा हात गल्ल्याला लागतो तुम्हाला." अप्पा कुरकुरले. पण मांडीवर कापूस घेऊन रोज एकेक सरकी काढत बसायचे. पहिल्या आठवड्यात अकरा सरक्या निघाल्या. त्या त्यांनी पुडीत बांधून पाठवल्या होत्या!

*

सरूबाईचं वेगळंच. शेतात पडून मांडी मोडली, हाड जुळलं, पण भीती बसली. भिंत सुटली की मटकन बसायच्या. ह्यांनी अंगणात कमरेएवढ्या उंचीवर दोन लांब बांबू समोरासमोर बांधले. मधून चालायचं, दोन्ही हातांनी धरून. माझ्या नातीच्या सेंटरमध्ये तेच आहे, फक्त स्टीलचं.

सरूबाई बांबूंकडं बघून म्हणाल्या, "चालून जायचं कुठं?"

"त्या टोकाला."

"तिथं काय हाय?"

"काही नाही. नुसतं चालायचं."

"रिकामं चालायला मी काय पाटलीन हाय?"

आणि खरंच चालेनात! जन्मात कधी डोक्यावर, काखेत काही नसताना पाऊल टाकलेलं नव्हतं त्यांनी. शेवटी ह्यांनी त्या टोकाला ज्वारीच्या कणसांचा ढीग घातला. म्हणाले, "मावशी, एवढी कणसं या टोकाला आणून द्या. माझी कंबर धरलीय." झालं! एका हातानं बांबू, दुसऱ्या हातात कणीस, सरूबाई दिवसभर खेपा घालायला लागल्या. संध्याकाळी त्या घरी गेल्या की हे सगळी कणसं परत त्या टोकाला नेऊन टाकायचे.

असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी सरूबाई मधेच थांबल्या. हातातलं कणीस डोळ्यांजवळ नेलं.

"गनपत! ह्या कणसाला चिमणीनं टोचलंय. हे मी काल बी आनलं व्हतं. परवा बी आनलं व्हतं!"

हे खाली वाकून ढलप्या गोळा करायला लागले.

"मला येड्यात काढायलास व्हय रं?" सरूबाईंनी कणीस ह्यांच्या अंगावर फेकलं, बांबूखालून वाकून बाहेर आल्या आणि तरातरा चालत घरी गेल्या. कशालाही न धरता!

अर्ध्या वाटेवर त्यांच्या ते लक्षात आलं असावं. थांबल्या, मागं वळून बघितलं, आणि तिथूनच ह्यांना आणखी एक शिवी हासडली. पण ती हसत हसत.

मी रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, "सरूबाईंना कळलं. अप्पांनाही कळेल बरं का."

"सरूबाई कुणबीण हाय, कणसं ओळखती," हे म्हणाले. "अप्पाला लाकडातलं काय कळतंय?"

*

ते अंगण आता नाही. तिथं आता कुणाचा तरी स्लॅब पडलाय. बांबू गेले, खुंट्यांवरच्या दोऱ्या गेल्या, आणि त्या दोऱ्यांची माणसं त्याच्याही आधी गेली. कधीकधी बोटांना अजून त्या गाठी लागतात. पाटलांची गाठ कुठं होती, सरूबाईंची कुठं होती, मी आजही डोळे मिटून सांगेन. रडू येतं, खोटं कशाला बोलू?

पण एक सकाळ राहिली.

अप्पांनीच निरोप पाठवला होता, "घोडी बघून जा, दोघं बी या." आम्ही गेलो तेव्हा पूजा चाललेली. देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिलो. माळवदाचं घर, सकाळीसुद्धा आत अंधार, पलीकडं समई. अप्पा पाठमोऱ्यासारखे तिरके बसलेले. डाव्या तळहातावर लिंग. उजव्या हातानं विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं. मग उजवा हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले.

माझं लक्ष घोडीकडं गेलं. गादी मी शिवलेली, म्हणून सवयीनं गादीकडं बघितलं. आणि गादीच्या वर, मनगटाच्या खाली, समईचा उजेड दिसला. बोटभर रुंद पट्टी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी ह्यांना कोपरानं ढोसलं. ह्यांनी बघितलं. एकदा डोळे पुसून परत बघितलं. या माणसाला लग्न झाल्यापासून मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पूजा झाली. अप्पांनी लिंग सावकाश वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं. आमच्याकडं वळले नाहीत. समईकडंच बघत म्हणाले,

"गनपत, हात लाकडावरनं उठून दोन महिनं झालं. आता आनखी तासू नको रं. लाकूड संपलं तर बाजाराच्या दिवशी तू कशाच्या निमतानं येशील?"